जावातील स्वस्त जमीन : विकत मिळते ते नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या मालमत्ताविषयक पुरवणीत, इंडोनेशियाच्या मध्य जावातील एखाद्या खेड्यात स्वस्तात जमीन घेऊन निवृत्तीनंतर तेथे राहावे, नाहीतर ती गुंतवणूक म्हणून ठेवून द्यावी, असे सुचवणारा लेख नुकताच वाचनात आला. त्यातील भातखाचरांचे, नारळीच्या झाडांचे आणि ज्वालामुखीच्या पायथ्याचे वर्णन खोटे नाही. दरही बहुधा बरोबर असावेत. परंतु पैसे मोजल्यानंतर खरेदीदाराच्या हाती कोणता हक्क येणार, हे त्या संपूर्ण लेखात कोठेही आलेले नाही. नोकरीची सगळी वर्षे महसूल खात्यात फेरफार मंजूर-नामंजूर करण्यात गेल्यामुळे जमिनीच्या जाहिरातीत माझी नजर भावाच्या आधी हक्काच्या रकान्याकडे जाते, आणि तो रकाना येथे कोराच आहे. माझा भाचा तिकडे एका सूतगिरणीत नोकरीस असून सुराकार्ता आणि योग्यकर्ता या दोन शहरांच्या मधल्या क्लातेन जिल्ह्यातील एका गावात भाड्याच्या घरात राहतो. त्याच्याकडे मी काही काळ राहून आलो आहे आणि त्याच्यापुढे आलेला जमिनीचा एक प्रस्तावही कागदपत्रांसह पाहिला आहे. त्या आधारावर चार गोष्टी वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा २४ सप्टेंबर १९६० चा आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे जमिनीची पूर्ण मालकी, जिला तेथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परकीय माणसाकडे ती वारसाने किंवा विवाहामुळे आली तरी एका वर्षाच्या आत त्याने ती सोडली पाहिजे. न सोडल्यास जमीन शासनजमा होते. कलम २६ त्याही पुढे जाते. परकीयाला थेट किंवा आडमार्गाने मालकी देणारा कोणताही व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन शासनाकडे जाते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परकीयासाठी कायद्याने उघडा ठेवलेला हक्क म्हणजे ‘हाक पाकाई’, अर्थात वापराचा हक्क. २०२१ च्या नियमावलीप्रमाणे तो ३० वर्षांसाठी मिळतो, पुढे २० वर्षे वाढवता येतो आणि त्यानंतर ३० वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण होऊ शकते. मात्र त्यासाठी तेथील परदेशी नागरिकविषयक नियमांप्रमाणे वैध कागदपत्रे असावी लागतात, आणि परकीयाने घ्यावयाच्या घराची किमान किंमत प्रांतवार ठरवून दिलेली असून ती अब्ज रुपियांच्या भाषेत आहे. आपल्या एका रुपयाला तिकडचे पावणेदोनशे ते दोनशे रुपिये होतात हे लक्षात घेतले, तरी खेड्यातले साधे घर त्या मर्यादेच्या जवळपासही पोचत नाही. कंपनी काढून तिच्या नावे बांधकामाचा हक्क घेण्याचाही मार्ग आहे; पण परकीय गुंतवणुकीच्या कंपनीसाठी जमीन आणि इमारत वगळून १० अब्ज रुपियांहून अधिक, म्हणजे आपले पाच कोटींहून जास्त, गुंतवणूक दाखवावी लागते. निवृत्तिवेतनावर परसात नारळ लावू पाहणाऱ्या माणसासाठी हा मार्ग नव्हे.

‘रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यातून स्थावर मालमत्ता घेता येते’ असे त्या लेखात म्हटले आहे. ते खरे आहे. पण पैसे पाठवण्याची मुभा आपला देश देतो, जमीन धारण करण्याची मुभा तिकडच्या देशाने द्यावी लागते. लेखकाने पहिली सांगितली आणि दुसरीबद्दल मौन पाळले.

हा कायदा कोणाला जाचक वाटत असेल तर त्याने आधी आपल्या घरचा कायदा पाहावा. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून मोहोळ किंवा मंगळवेढ्यात एकरभर जमीन घेता येत नाही, आणि शेतकरी असल्याचा दाखला मिळवण्यासाठी लोक काय काय करतात हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. परदेशस्थ भारतीयाला, भारताचे नागरिकत्व कायम असूनही, येथे शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. जावात तर १९६१ च्या नियमांनी, शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात राहिले पाहिजे असे बंधन खुद्द तेथील नागरिकांवरही घातले आहे. त्याची अंमलबजावणी ढिली आहे, आपल्याकडच्या तुकडेबंदीसारखीच. परंतु कागदावर नियम आहे आणि वाद झाला की तो बाहेर निघतो.

या बंधनांचे मूळ बरेच जुने आहे. १८३० पासून पुढे सुमारे चाळीस वर्षे डच सरकारने जावातील गावांना जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांखाली ठेवायला भाग पाडले. १८७० च्या कायद्याने खासगी मळेवाल्यांना वाट मोकळी झाली, तेव्हा गावची जमीन त्यांच्या घशात जाऊ नये म्हणून १८७५ मध्ये स्थानिकांची जमीन परकीयांना विकण्यास बंदी घालण्यात आली. साखर कंपन्या जमीन भाड्याने घेत राहिल्या, विकत घेऊ शकल्या नाहीत. त्याच १८७५ साली आपल्याकडे सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, जो पुणे, सातारा आणि अहमदनगरबरोबर आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. जमीन एकदा बाहेरच्याच्या हाती गेली की गावकऱ्याच्या हाती फक्त मजुरी उरते, हे दोन्ही ठिकाणच्या राज्यकर्त्यांना, तेही परक्या राज्यकर्त्यांना, एकाच सुमारास उमगले होते. स्वतंत्र इंडोनेशियाने ती बंदी आणखी कडक केली यात मला काही वावगे दिसत नाही. २०२० च्या जनगणनेत जावाची लोकसंख्या १५ कोटींच्या वर भरली. क्षेत्रफळ मात्र सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. अर्ध्या हेक्टरच्या आतला शेतकरी ही तेथे सर्वसामान्य गोष्ट असून त्याच्यासाठी सरकारी कागदपत्रांत वेगळे नाव आहे. अशा ठिकाणी आपल्या बचतीच्या जोरावर जमिनीचे भाव चढवायला आपण जावे हे बरे नव्हे, हे माझे मत मी लपवत नाही.

आता भाच्यापुढे आलेल्या प्रस्तावाविषयी. शेजारचा एक परसाचा तुकडा घरमालकाच्या मुलाच्या नावे खरेदी करायचा, पैसे भाच्याने द्यायचे आणि सुरक्षिततेसाठी चार कागद करून घ्यायचे, असे एका मध्यस्थाने सुचवले होते. मुलाने भाच्याकडून तेवढ्याच रकमेचे कर्ज घेतल्याचा करार, जमीन विकण्याचे कधीही रद्द न होणारे मुखत्यारपत्र, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा आणि ‘खरा मालक भाचाच’ असे मुलाचे लेखी निवेदन. कागद मजबूत होते. नोटरीचा शिक्का, मुद्रांक, सर्व काही जागच्या जागी. पण ही चौकडी एकत्र वाचली की कलम २६ मधला आडमार्ग तो हाच, हे न्यायालयाला सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. ‘खरा मालक भाचाच’ हे निवेदन तर आपणच आपल्याविरुद्ध दिलेला कबुलीजबाब आहे. कधीही रद्द न होणाऱ्या मुखत्यारपत्राने जमिनीचे हस्तांतर करण्यास तेथे १९८२ पासूनच मनाई आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये मुखत्यारपत्रावरच्या खरेदीने मालकी जात नाही असे स्पष्ट केले, आणि हद्दवाढ भागात नोटरीवर गुंठे घेऊन बसलेल्या सोलापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. घरमालकाचा मुलगा सज्जन आहे यात शंका नाही. परंतु अशा व्यवहारात नाव देणाऱ्याची नियत फिरण्यापेक्षा त्याचे लग्न होणे, त्याच्यावर कर्ज होणे किंवा तो अकाली जाणे हेच जास्त संभवते, आणि त्यानंतर समोर उभे राहतात ते त्याचे वारस, ज्यांनी आपल्याला कसलाही शब्द दिलेला नसतो. भाच्याने नकार कळवला.

स्थानिक व्यक्तीशी विवाह झाला की प्रश्न सुटतो, असाही एक समज आहे. १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक होते. त्यामुळे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल, तर परकीयाशी विवाह केलेल्या इंडोनेशियन स्त्रीला स्वतःच्या गावात नवी जमीन पूर्ण मालकीने घेणे कित्येक वर्षे अवघड होते. असा करार विवाहापूर्वीच व्हायला हवा ही अट २०१६ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने दूर केली. आता तो विवाहानंतरही करता येतो. मात्र त्या करारानंतर जमीन पत्नीचीच राहते, नवऱ्याची होत नाही, आणि करार त्यासाठीच असतो.

विकणारा माणूस स्थानिक असला, घेणाराही स्थानिक असला, तरी गावच्या जमिनीचे कागद सरळ असतातच असे नाही, आणि येथे मला फार ओळखीचे वाटले. गावच्या कार्यालयात ‘लेटर सी’ नावाची जुनी वही असते. मी पाहिलेली वही लांबट होती, पाने पिवळी पडून कडेला झिजलेली. आजोबांच्या नावावर लाल शाईची रेघ, खाली मुलांची नावे, शेजारी भाताची जमीन आणि परसाची जमीन यांचे वेगवेगळे आकडे. लिपिकाने ती दोन्ही हातांनी उचलून ठेवली. या नोंदी मुळात सारावसुलीसाठी केलेल्या आहेत; त्यांवरून निघणारा ‘गिरिक’ हा दाखला पिढ्यान्‌पिढ्या मालकीचा कागद म्हणून हातोहात फिरत आला. २०२१ च्या नियमावलीने अशा जुन्या हक्कांच्या नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत ठरवली, ती २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. त्यानंतर या कागदांचे मोल पुराव्याचे नव्हे, केवळ नोंदणीसाठी दिशा दाखवण्यापुरते. दरवर्षी येणारी जमीनकराची पावती हाही तेथे मालकीचा पुरावा नाही. आपला सातबारादेखील मालकीचा अंतिम पुरावा नव्हे हे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत, तरी तो हाती आला की माणूस निश्चिंत होतो. २०१७ पासून तेथील सरकारने गावोगावी सरसकट मोजणी करून प्रमाणपत्रे देण्याची मोहीम चालवली आहे, आणि ज्या गावात ती पूर्ण झाली तेथे व्यवहार पुष्कळ सरळ झाले आहेत हे मान्य केले पाहिजे.

प्रमाणपत्र असले तरी जमीन कोणत्या पट्ट्यात आहे हे पाहावे लागते. आपल्याकडे दलाल बांधकामाच्या जागेला यलो झोन आणि शेतीच्या जागेला ग्रीन झोन म्हणतात, तसेच तिकडेही पिवळा पट्टा आणि हिरवा पट्टा असेच शब्द चालतात. २००९ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या भातजमिनीवर घर बांधता येत नाही. स्वस्त म्हणून दाखवले जाणारे तुकडे पुष्कळदा याच पट्ट्यातले असतात. आणखी एक प्रकार असा, की सरपंच आणि गावकामगारांना पगाराऐवजी किंवा पगाराबरोबर कसायला दिलेली गावची जमीन तेथे आजही आहे. तिला ‘बेंग्कोक’ म्हणतात. आपली पाटीलकीची वतने १९६२ च्या कायद्याने गेली, महार वतने त्याआधी १९५८ च्या कायद्याने. तिकडे ही पद्धत टिकली. ती जमीन पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते, विकता येत नाही. तरीही योग्यकर्ता भागात ग्रामजमीन भाड्याने घेऊन तिच्यावर बेकायदा घरे बांधून विकल्याचे प्रकार घडले, २०२३ मध्ये त्यावर कारवाई होऊन फौजदारी खटलेही झाले. वर्ग २ च्या, म्हणजे परवानगीवाचून विकता न येणाऱ्या, जमिनी वर्ग १ म्हणून विकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा सोलापूरच्या वाचकाने येथे तरी सावध असायला हवे.

भविष्यात भाव चढणार का? रस्ता जेथून जातो तेथे चढतात. सुराकार्ता ते योग्यकर्ता टोल रस्त्यासाठी क्लातेनमधील गावांची जमीन गेली आणि मोबदल्याच्या रकमेने गावांचे रूप पालटले. पूर्व जावातील तुबान जिल्ह्यात २०२१ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा मोबदला मिळाल्यावर एकाच गावात एकदम इतक्या नव्या मोटारी आल्या की ती बातमी जगभर गेली. मात्र मोबदला प्रमाणपत्रावर नाव असलेल्याला मिळतो. सुरत-चेन्नई महामार्गासाठी बार्शी आणि अक्कलकोट तालुक्यांत मोजणी झाली तेव्हा हिस्सेवाटपाचे फेरफार राहून गेलेल्या कुटुंबांचे काय झाले, हे आपल्याच दैनिकाने छापलेले आहे.

इतके लिहूनही मी हे सांगेन की त्या गावात राहणे फार सुखाचे आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर आपण समाधानी असतो. तिकडे दीड-दोन हजार मिलिमीटर पडतो आणि क्लातेनमध्ये जागोजागी जिवंत झरे आहेत. परसात नारळ, केळी, फणस आणि कसावा एकमेकांत मिसळून उभे असतात. तेथील पेदान भागात हातमागावर पट्ट्यापट्ट्यांचे ‘लुरिक’ कापड विणतात. मागाचा आवाज ओळखीचा वाटून मी आत डोकावलो, तर विणकराने न विचारता बसायला पाट दिला. बाजार सात दिवसांचा नसून पाच दिवसांच्या जुन्या जावानी आठवड्याप्रमाणे भरतो. आपण पंचांगात ज्या शकाची वर्षे मोजतो तोच शक जावातही चालत असे. १६३३ मध्ये सुलतान आगुंग याने महिने चांद्र इस्लामी पद्धतीचे केले, पण शकाचा आकडा १५५५ हाच पुढे चालू ठेवला.

परंतु हे सुख फुकट नाही, आणि त्याची किंमत दरपत्रकात नसते. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते की पाहुण्याने चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी. मी उतरलो त्या संध्याकाळी भाचा मला गल्लीप्रमुखाकडे घेऊन गेला, त्यांनी नाव लिहून घेतले, चहा दिला. गल्लीची ही रचना जपानी अमलापासून चालत आलेली आहे. रात्रीची गस्त, रस्त्याची सामुदायिक सफाई, कोणाच्या घरी कार्य असले की स्वयंपाकाला हात लावणे, मयताला जाणे, महिन्याची ‘आरिसान’ म्हणजे आपली भिशी, हे चुकवता येत नाही. लग्नाचा आहेर वहीत लिहिला जातो आणि तो तेवढाच, शक्य तर थोडा जास्त, परत जावा लागतो. ज्या घरी वर्षभर दार बंद आणि मालक परदेशी, त्या घराकडे गाव कोणत्या नजरेने पाहते हे समजायला जावानी भाषा येण्याची गरज नाही. गुंतवणूक म्हणून घर घेऊन ठेवणाऱ्याने हा हिशेब कधीच केलेला नसतो.

भूकंपाचा उल्लेखही लेखात नाही. २७ मे २००६ च्या पहाटे योग्यकर्ता आणि क्लातेन परिसरात झालेल्या भूकंपात साडेपाच हजारांहून अधिक माणसे गेली. विटांच्या, आत लोखंड नसलेल्या भिंती पडल्याने बहुतेक मृत्यू झाले. किल्लारीत १९९३ साली माळवदाखाली काय झाले ते आपण जवळून पाहिले आहे. आपल्याकडे बावन्न गावे उचलून नव्या जागी वसवली. तिकडे घरे जुन्याच तुकड्यांवर, गावकऱ्यांचे गट करून त्यांच्याच हाती निधी देऊन उभारली गेली, त्यामुळे हद्दींचे वाद वाढले नाहीत. तेव्हा घर भाड्याने घेणाऱ्यानेही ते २००६ पूर्वीचे की नंतरचे, कोपऱ्यांत काँक्रीटचे खांब आहेत की नाहीत, हे विचारावे. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी आहेच. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास बळी गेले.

माझ्या भाच्याने घर पाच वर्षांच्या नोंदवलेल्या भाडेपट्ट्यावर घेतले आहे, आणि परकीय माणसाने खेड्यात राहण्याचा तोच सरळ मार्ग मला दिसतो. आपल्याला विनंती एवढीच, की परदेशातील जमिनीविषयी लेख किंवा जाहिरात छापताना भावाच्या शेजारी हक्काचे नाव छापण्याचा आग्रह धरावा : मालकी, वापराचा हक्क की भाडेपट्टा, मुदत किती, आणि तो कोणाच्या नावे नोंदला जाणार. ज्या वाचकांनी त्या लेखावरून विसार देण्याची तयारी चालवली असेल त्यांनी विक्रेत्याकडे प्रमाणपत्राची प्रत, पट्ट्याचा दाखला आणि आपल्याला परकीय म्हणून कोणत्या कलमाखाली हक्क मिळणार याचे तेथील जमिनीचे दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे लेखी उत्तर मागावे. भाच्याच्या मध्यस्थाकडे आम्ही हे तिसरे मागितले होते. ते अद्याप आलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
जुळे सोलापूर